दिवाडीचे ऊन आणि चुकलेला हिशेब

वैशाखातील एका शुक्रवारी रात्री कात्रजहून गोव्याकडे जाणाऱ्या बसमध्ये चार माणसांचे एक कुटुंब चढले. किराणा व भुसार मालाचे दुकान असलेले बहात्तर वर्षांचे शेठजी, त्यांच्या सूनबाई, वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिलेली नात आणि नववीत गेलेला नातू. मुलगा दुकानावर थांबला होता. वैशाख म्हणजे लग्नसराई. शिवाय मिरची, धने, हळद यांची वर्षाची खरेदी लोक याच दिवसांत करतात. गल्ला सोडून निघणे त्याला परवडणारे नव्हते. सामानात खाकरे, ठेपले, सुका मेवा, पाणी उकळण्यासाठी विजेची किटली, पाणी गाळण्याचे फडके आणि उकळलेले पाणी ठारण्यासाठी एक परात होती. परात पाहून बसच्या क्लीनरने विचारले, "काकी, गाडीत स्वयंपाक करणार का?" सूनबाई हसल्या, पण परात त्यांनी डिकीत जाऊ दिली नाही.

बेत नातीचा होता. पणजीला मुक्काम करावयाचा, दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या सायकली घेऊन मांडवी नदीतील दिवाडी बेट पाहावयाचे, बेटाच्या पलीकडच्या टोकाला नार्वेची फेरीबोट पकडून डिचोली तालुक्यात उतरावयाचे आणि तेथून वाहन करून कुडणे गावी जावयाचे. कुडण्याला प्राचीन जैन वास्तूचे अवशेष आहेत. गोव्याचे नाव घेतले की डोळ्यांपुढे समुद्र आणि चर्च येते; परंतु कदंबांच्या काळापासून पुढे काही शतके या भूमीवर जैन वसती होती, फोंड्याजवळ बांदिवडे येथे नेमिनाथ बस्तीचे अवशेष आहेत, हे पुण्यातील आपल्या समाजात फार थोड्यांना ठाऊक असते. शेठजींनी ते कोठेतरी वाचले होते आणि अनेक वर्षे मनात धरले होते. सायकलीच्या सहलीला ते तयार झाले ते कुडण्यासाठी. नातीला हे माहीत होते आणि म्हणूनच तिने मार्ग तसा आखला होता.

सायकल मात्र त्यांना नवी नव्हती. १९७० च्या सुमारास, सतराव्या वर्षी, ते वडिलांच्या लहानशा दुकानासाठी भवानी पेठेतील आडत्यांकडून माल आणीत. कात्रज त्या वेळी महापालिकेच्या हद्दीबाहेरचे खेडे होते. स्वारगेट सोडले की वस्ती विरळ होत जाई. शहराकडे जाताना उतार आणि परतताना चढ. म्हणजे रिकामी सायकल उताराला आणि भरलेली चढाला. कॅरिअरवर साखरेचे पोते, हँडलला दोन्ही बाजूंनी पिशव्या. व्यापाराचा पहिला धडा आपण त्या चढावर शिकलो, असे ते नातवंडांना सांगत. कात्रजच्या तलावापासून नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास शनिवारवाड्यापर्यंत जो बंदिस्त नळ बांधून नेला, त्याचे दगडी उच्छ्वास कोठे कोठे होते हेही ते बोटाने दाखवू शकत. ज्या गावाने शहराला पाणी पाजले त्या गावचे आपण, हा त्यांचा साधा अभिमान होता. दिवाडीवर त्यांच्यावर जी वेळ आली, ती पाण्यावरूनच यावी हा योग चमत्कारिक म्हणावा लागेल.

निघण्याच्या आदल्या दिवशी मुलाने भ्रमणध्वनीवर हवामान पाहिले होते. पुणे चाळीस अंश, पणजी चौतीस. "सहा अंशांचा नफा आहे," शेठजी म्हणाले. घरात कोणाला त्यात वावगे वाटले नाही. आकडा कमी म्हणजे ऊन कमी, असाच कोणाचाही समज होईल.

दिवाडी हे बेट मांडवीच्या पात्रात, जुन्या गोव्याच्या समोर आहे. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा रस्त्याचा पूल नाही. रायबंदर, जुने गोवे आणि नार्वे अशा तीन बाजूंनी फेरीबोटी चालतात. पायी जाणाऱ्याला भाडे पडत नाही. कोकण रेल्वेचा मार्ग बेटावरून जातो, पण गाडी तेथे थांबत नाही. या एका गैरसोयीने बेटाचे शांतपण राखले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. मध्यभागी टेकडी, टेकडीवर पिएदादचे चर्च आणि पायथ्याला जुनी घरे. चर्चजवळच्या दफनभूमीतील लहान प्रार्थनागृहात कदंबकालीन मंदिराचे कोरीव छत आजही पाहावयास मिळते. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे याच बेटावरचे. पोर्तुगीज काळात मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर भाविकांनी लिंग नदीपार नेले आणि नव्या जागेलाही नार्वे हेच नाव पडले. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. तसा शिलालेख तेथे आहे.

बेटाच्या कडेने खाजन जमिनी पसरल्या आहेत. खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेते. बांधात जागोजागी लाकडी दारांची मानस बसविलेली असते. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दार बंद होते, ओहोटी लागली की आतले पाणी दार ढकलून बाहेर पडते. माणसाने उठून काही करावयाचे नाही. गावकरीने, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेने, शतकानुशतके ही व्यवस्था सांभाळली. बांध फुटला तर नुकसान एकाचे होत नाही, सगळ्यांचे होते; म्हणून बांधाचा खर्चही सगळ्यांचा. पावसाळ्यात ही शेते हिरवीगार असतात आणि छायाचित्रांत दिसते ते दिवाडी त्याच दिवसांतले. वैशाखात मात्र तेथे भेगाळलेली करडी माती, कडेला कांदळवन आणि मधून सरळ जाणारा डांबरी रस्ता असतो. त्या रस्त्यावर सावली नसते.

शनिवारी हे कुटुंब पणजीहून निघाले तेव्हा साडेनऊ वाजले होते. वास्तविक सायकलस्वार अशा दिवसांत पहाटे साडेपाचला निघतात. परंतु शेठजींची नवकारसी असते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत तोंडात पाणीही जात नाही. त्यानंतर देवदर्शन, दूध, नाश्ता, मग सायकलवाल्याकडे अनामत, ओळखपत्राची प्रत, चारही सायकलींच्या बैठका खालीवर करणे. सूनबाई वीस वर्षांनी सायकलवर बसत होत्या. त्यांनी आधी गल्लीत दोन फेऱ्या मारून घेतल्या आणि नातवाने त्याचे चित्रण केले.

भाडे तासाला पन्नास रुपये ठरले. शेठजींनी सवयीने चाक दाबून पाहिले, ब्रेक पाहिला आणि दर सायकलीमागे पाच रुपये कमी करून पाहण्याचा प्रयत्नही केला. तो साधला नाही.

पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा लांबच लांब दगडी सेतू पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला. आज त्यावरून वाहनांची रांग असते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरे. सूर्य वर आला होता आणि पाण्यावरून परतणारा उजेड डोळ्यांत जात होता. शेठजी सर्वांच्या पुढे होते. रायबंदरच्या धक्क्यावर पोहोचेपर्यंत सर्वांचे कपडे ओले झाले होते, पण बोटीवर वारा लागला आणि सगळ्यांना बरे वाटले. नातवाची पाण्याची बाटली तेथेच संपली. शेठजींजवळ उकळून ठारलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. त्यांतील एक त्यांनी नातवाला देऊन टाकली आणि ही गोष्ट ते कोणाला बोलले नाहीत.

येथे थोडे थांबून त्या सहा अंशांच्या नफ्याकडे पाहणे आवश्यक आहे. शरीर तापले की घाम येतो, आणि गारवा मिळतो तो घाम येण्याने नव्हे, वाळण्याने. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता काढून नेतो. पुण्याची वैशाखातील दुपार कोरडी असते. घाम केव्हा आला आणि केव्हा वाळला हे कळतही नाही. किनाऱ्यावर हवेतच इतकी वाफ असते की घाम वाळत नाही. तो ओघळतो, सदऱ्यात मुरतो, जमिनीवर पडतो. पाणी आणि मीठ शरीरातून गेलेले असतात, मोबदल्यात गारवा मिळालेला नसतो. व्यापारी भाषेत बोलावयाचे तर माल गेला आणि पैसे आले नाहीत. हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करताना सगळीकडे एकच मोजमाप लावीत नाही, ते याचमुळे. कमाल तापमान मैदानी भागात ४० अंश, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंशांपर्यंत गेल्याशिवाय लाटेचा विचारच होत नाही. ज्या खात्याचे कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि ज्याला जुने पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, त्या खात्याचा हा साधा नियम पुण्यातील घरांना माहीत नसावा, याचे नवल वाटते.

वयाचाही भाग असतो. साठी ओलांडली की तहान लागण्याची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा तसे सांगत नाही. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकतात. शेठजी अशी गोळी रोज सकाळी घेत असत, आणि त्या दिवशीही घेतली होती.

खाजनातील रस्त्यावर त्यांच्या पोटरीत गोळा आला. ते उतरले, साखळी घट्ट झाली आहे असे म्हणाले, थोडे चालले आणि पुन्हा बसले. टेकडीच्या चढावर नातवाने सायकल हाती धरली, सूनबाईंनी तर पायथ्यापासूनच धरली होती. शेठजी मात्र उभे राहून पायडल मारीत वरपर्यंत गेले. चढ पाहिला की त्यांना उतरवत नसे. चर्चच्या पायऱ्यांवर बसून सगळ्यांनी खाली पाहिले. नदीचे दोन फाटे, समोर जुन्या गोव्याचे मनोरे, कांदळवनाची हिरवी कड. दृश्य सुंदर होते. बारा वाजून गेले होते.

नातवाने सहज विचारले, "दादाजी, साडेचार तास सायकली ठेवल्या तर किती होतील?"

"सहाशे," शेठजी म्हणाले.

नात हसली. आजोबा गंमत करीत आहेत असे तिला वाटले. मग तिने त्यांच्याकडे नीट पाहिले. ते हसत नव्हते.

"दादाजी, चार सायकली. तासाला पन्नास. साडेचार तास."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "सहाशे पन्नास," ते म्हणाले, "का सातशे? बघू नंतर. पाणी आहे का?"

त्या घरात कागद-पेन्सिल नातवंडांसाठी आणि गणकयंत्र मुलासाठी होते. शेठजी पंधरा वस्तूंची बेरीज गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तोंडी करीत आणि पन्नास वर्षांत ती चुकल्याचे कोणी ऐकले नव्हते. नातीने त्यांच्या हाताला हात लावला. अंग तापलेले नव्हते. गार, ओले, चिकट लागत होते. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. बाटली पाहिली तर रिकामी. दुसरी कोठे आहे हे विचारल्यावर नातवाने खाली मान घातली.

"आता परत फिरायचे," ती म्हणाली.

"नार्वेचा धक्का येथून जवळ आहे. पलीकडे गाडी मिळेल. कुडणे आज पाहिलेच पाहिजे," शेठजी म्हणाले. आवाजात थोडी धार होती. त्या घरात त्यांच्या शब्दापुढे सहसा कोणी बोलत नसे, आणि वीस वर्षांच्या मुलीने तर कधीच बोलावयाचे नव्हते. सूनबाई क्षणभर दोघांकडे पाहत राहिल्या. मुलीची बाजू घ्यावी तर सासऱ्यांचा शब्द मोडतो. न घ्यावी तर काय होईल, कोणास ठाऊक.

"नाही जायचे, दादाजी. कुडणे कोठे पळून जात नाही," नात म्हणाली, आणि तिने त्यांची सायकल स्वतःच्या हाती घेतली.

"बाबूजी, ती म्हणते ते बरोबर आहे," सूनबाई म्हणाल्या.

शेठजी उठले. उठताना त्यांचा तोल गेला, आणि मग त्यांनी वाद घातला नाही.

टेकडी उतरून पहिल्या घराच्या बलकांवात त्यांना बसविण्यात आले. घरातून पांढऱ्या केसांची एक बाई बाहेर आली. तिने प्रश्न विचारले नाहीत. "बसात, बसात," म्हणत पंखा लावला, बादलीभर विहिरीचे पाणी आणले आणि शेठजींचे पाय त्यात ठेवावयास सांगितले. सूनबाईंनी ओढणी भिजवून त्यांच्या मानेवर ठेवली. नातीने आपल्या पिशवीतून विकत घेतलेल्या पाण्याची बाटली काढली, झाकण उघडले आणि पुढे केली.

शेठजींनी मान फिरविली.

उकळलेलेच पाणी प्यावयाचे हा नियम त्यांनी पत्नीच्या वर्षीतपाच्या वर्षी घेतला होता. त्या गेल्या, तरी तो चालू होता. किंबहुना त्या गेल्यामुळेच तो अधिक घट्ट झाला होता, हे घरात सर्वांना कळत होते आणि कोणी बोलून दाखवीत नव्हते. नातीच्या हातात बाटली तशीच राहिली. तिचे डोळे भरून आले. परात पणजीच्या खोलीत होती आणि किटलीही.

बाईने सूनबाईंकडे पाहिले. "उदक जाय?"

सूनबाईंनी मराठीत, घाईघाईने, अर्धे हाताने सांगितले : उकळलेले लागते, उकळून गार केलेले. बाईला त्यात काही विशेष वाटले नाही. त्यांच्याकडे प्यावयाचे पाणी विहिरीचेच, आणि ते रोज सकाळी उकळून, फडक्याने गाळून भांड्यात भरलेले असे. ती आत जाऊन तांब्या घेऊन आली.

"केव्हा उकळले?" शेठजींनी विचारले.

सकाळी सहाला, असे तिने सांगितले.

उन्हाळ्यात उकळलेल्या पाण्याची मर्यादा पाच प्रहरांची, हिवाळ्यात चारांची आणि पावसाळ्यात तीनांची धरली जाते. सूनबाई मनात मोजू लागल्या, तोच शेठजी म्हणाले, "दोन प्रहर झाले. चालेल." आणि त्यांनी तांब्या घेतला. नातीच्या लक्षात आले की हा हिशेब बरोबर होता.

त्या पाण्यात साखर आणि मीठ मिसळून त्यांना थोडे थोडे देण्यात आले. एक लिटर पाण्याला सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ, हे प्रमाण सूनबाईंना पाठ होते. मुले लहान असताना जुलाबांच्या वेळी डॉक्टरांनी ते लिहून दिले होते. १९७१ च्या निर्वासितांच्या छावण्यांत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच साध्या मिश्रणाच्या बळावर असंख्य जीव वाचविले. ते घरात करता येते आणि त्यातील मिठाचा दाणा जास्त झाला तर बाधतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. त्या घरी उकळलेले पाणी होते, म्हणून हा प्रसंग गोड झाला. ते नसते तर? पच्चक्खाणाच्या पाठात आगार सांगितलेले असतात. आजारात, समाधी ढळण्याच्या प्रसंगी काय करावे याचा विचार नियम घालून देणाऱ्यांनी आधीच केलेला आहे. वडीलधाऱ्यांनी नियम घेताना हे आगार घरातल्या तरुणांना समजावून ठेवावेत. ऐन वेळी वीस वर्षांच्या मुलीने भरल्या डोळ्यांनी बाटली धरून उभे राहावे, हे तिच्यावर अन्यायाचे आहे. आणि शेठजींचे अंग गार होते, ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून पाणी पाजणे योग्य ठरले. अंग भट्टीसारखे तापलेले असून माणूस असंबद्ध बोलू लागला असता, तर तोंडात पाणी ओतण्याच्या भरीस न पडता सर्वांगावर पाणी टाकून, वारा घालून, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे एवढेच करावयाचे होते. त्या अवस्थेत एक एक मिनिट मोलाचे असते.

तासाभराने शेठजींच्या चेहऱ्यावर रंग आला. बाईने आतून केळी आणली. फणसाची भाजी होती, पण तीत कांदा असल्याचे तिनेच सांगून टाकले. शेजारच्या टेम्पोवाल्याने चारही सायकली मागे चढविल्या आणि सगळ्यांना रायबंदरच्या धक्क्यावर आणून सोडले. त्याने भाडे घेतले. बाईने मात्र काही घेतले नाही. सूनबाईंनी नोट काढली तेव्हा तिने हात मागे बांधून घेतले आणि हसली.

बोटीवर शेठजी एका बाजूला बसून होते. नात दुसऱ्या बाजूला. दोघे बोलत नव्हते. कुडणे राहिले होते, आणि ते कोणामुळे राहिले हे दोघांनाही ठाऊक होते. बोट मध्यावर आली तेव्हा शेठजींनी तिच्याकडे पाहिले.

"नऊशे," ते म्हणाले.

नातीने मान हलविली आणि मग ती खाली वाकून सायकलीची साखळी पाहत राहिली. साखळीला काही झाले नव्हते.

संध्याकाळी पणजीतील एका डॉक्टरांनी त्यांना तपासले, रक्तदाब मोजला, गोळीच्या वेळेबद्दल पुण्यातील डॉक्टरांना विचारावयास सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सायकलीला हात लावावयाचा नाही असे बजावले. सूर्यास्ताला अवकाश होता. जेवण वेळेत झाले.

आपल्या समाजातील घरांसाठी या सहलीतून एक गोष्ट निघते आणि ती प्रवासाच्या कोणत्याही पुस्तिकेत मिळणार नाही. उन्हाळ्यात सायकल चालवावयाची ती पहाटे आणि सायंकाळी, हा सर्वमान्य सल्ला आहे. परंतु जो नवकारसी आणि चौविहार करतो, त्याच्या दृष्टीने गारव्याचे बरेचसे तास पाणी न पिण्याचे तास असतात. पाणी पिता येते ते ऊन चढल्यावर. म्हणजे पहाटे निघावे तर रात्रभरच्या कोरड्या शरीराने निघावे लागते, आणि उशिरा निघावे तर उन्हात सापडावे लागते. हे दोन्ही साधत नसेल, तर अंतरच कमी केले पाहिजे किंवा ऋतू बदलला पाहिजे. पौष-माघात दिवाडीवर सकाळी हवा सुखाची असते. तेव्हा हेच अंतर, हेच वय आणि हाच नियम यांचा सहज मेळ बसतो. शेठजींनी अंतर मोजले होते, चढ मोजला होता, स्वतःची ताकद १९७० च्या मापाने मोजली होती. हवेतील ओलावा आणि पाण्याच्या वेळा त्यांनी मोजल्याच नव्हत्या. व्यापारात त्यांच्याकडून अशी चूक झाली नसती.

आणखी एक. चौघांत पाणी होते, पण ते ज्याचे त्याच्यापाशी होते. नातवाला दिलेली बाटली हिशेबात आलीच नाही. देणाऱ्याने सांगावयास हवे होते. आजोबा नातवाला काही देतात तेव्हा सांगत नाहीत, ही अडचण सगळ्याच घरांत आहे.

कात्रजला परतल्यावर दुकानात दोन दिवस हीच चर्चा होती. शेठजींनी ती फारशी वाढू दिली नाही. ते गिऱ्हाइकांना खाजनातल्या मानशीविषयी सांगत : दार कसे आपोआप बंद होते, कसे उघडते, बांधाचा खर्च गाव कसा वाटून घेते. रात्री त्यांनी सहलीचा खर्च रोजमेळात उतरविला. बसभाडे, मुक्काम, सायकलभाडे नऊशे, टेम्पो, डॉक्टर. फेरीबोटीपुढे त्यांनी शून्य लिहिले. खाली एक ओळ सोडून लिहिले : कुडणे, बाकी.

ती ओळ मुलाने पाहिली. पौषातल्या एका शुक्रवारी दुकान पुतण्यावर सोपवावे असे ठरले आहे. त्या रात्रीच्या बसची चार आसने नातीने सांगून ठेवली आहेत. मुलाने स्वतःसाठी पाचवे सांगितले आहे. परात या वेळीही जाणार आहे, आणि तिच्याबरोबर दिवाडीच्या त्या घरासाठी दुकानातील नवी हळद आणि दोन किलो इंद्रायणी तांदूळ.